चौथं डिझाइन

मामांच्या पंचाहत्तरीचा फ्लेक्स करायला टाकला होता, तो छापण्याआधी एकदा नजरेखालून घालावा म्हणून दुकानात गेले. बाहेर सोलापूरचं दुपारचं ऊन आणि आत मशीनच्या शाईचा उग्र वास, डोळ्यांत पाणी आणणारा. संगणकावर बसलेला पोरगा मामांची फाइल शोधत होता, आणि शोधता शोधता त्याच्या पडद्यावर एक ओळखीचा चेहरा आला. आमच्याच भागातली मुलगी. निळं ट्रॅकसूट जाकीट, मागे तिरंगा, वर मोठ्या सोनेरी अक्षरांत ‘सुवर्णकन्या’. मला इतका आनंद झाला की मी जवळजवळ ओरडलेच, ‘अरे, जिंकली का ती?’ तो म्हणाला, ‘नाही ओ ताई, तिची स्पर्धा उद्या हाय.’ आणि त्याने पुढची फाइल उघडली. तोच फोटो, तोच तिरंगा, ‘रौप्यपदक’. त्याच्या पुढच्या फाइलमध्ये ‘कांस्यपदक’. तिन्हींच्या खाली शुभेच्छुकांचे तेच फोटो, त्याच क्रमाने. ‘तिन्ही करून ठेवलाय. उद्या संध्याकाळी जे येईल ते मशीनवर मारायचं. रात्रीच चौकात लागलं पाहिजे म्हणलेत.’

‘आणि काहीच नाही आलं तर?’

‘मग काय, डिलीट.’

तो सहज बोलला. त्याच्यासाठी ते रोजचं काम, त्यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. फ्लेक्स सांगणाऱ्यांचंही नाही. ती सगळी आमच्या भागातली माणसं. गणपतीत रात्र रात्र राबणारी, कुणाच्या घरी अडचण आली तर आधी धावणारी. आपल्या भागातली पोरगी भारताचं जाकीट घालून परदेशी ज्युनिअर स्पर्धेत उतरली याचा त्यांना खरा अभिमान होता. तरीही मामांचा फ्लेक्स मंजूर करून मी घरी आले, भाकरीचं पीठ मळायला घेतलं आणि तो ‘डिलीट’ काही डोक्यातून जाईना. चौथं डिझाइन करावं, ‘पदक नाही, तरी आमची’ असं काहीतरी, हे त्या दुकानात कुणालाच सुचलं नव्हतं. सुचलं असतं तर सांगणाऱ्यानं पैसे दिले असते का, तेही सांगवत नाही.

ती मुलगी लांब उडी मारते. मी सकाळी ज्या मैदानावर फिरायला जाते तिथेच तिचा सराव चालतो, म्हणून तिला मी लहानपणापासून बघत आलेय. मैदान मुरमाचं. उन्हाळ्यात पाय घासला की धूर उठावा तशी धूळ उठते, पावसात दोन दिवस चिखल. उडीचा खड्डा एका कोपऱ्यात, भिंतीलगत. तिचा सराव सुरू होतो तो पळण्याने नव्हे. आधी ती आणि तिच्या मागची दोन लहान पोरं फावड्याने खड्ड्यातली वाळू खालवर करतात. मग ती गुडघ्यांवर बसते आणि हाताने वाळू चाळते, कारण रात्री त्या भिंतीवर बसून पिणारे बाटल्या तिथेच फोडतात. सापडलेले काचेचे तुकडे ती एका जुन्या पत्र्याच्या डब्यात टाकते. कधी हिरवे, कधी तपकिरी. एकदा मी डबा हातात घेतला तर चांगला जड लागला. कुत्रीही रात्री त्याच वाळूत झोपतात, त्यांचंही निस्तरावं लागतं. हे सगळं झालं की फक्कीने खुणा मारायच्या आणि मग पहिली उडी.

तिचे वडील एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर आहेत. रात्रपाळी संपली की घरी न जाता तसेच मैदानावर येतात. कानांवर, भुवयांवर कापसाचे तंतू असतात. ते कट्ट्यावर बसून तिच्या स्पाइकचे खिळे बदलतात. मुरमावर खिळे लवकर झिजतात, एका बाजूने तिरके होतात, आणि तिरका खिळा पाय फिरवतो. छोट्या पान्ह्याने एक एक खिळा काढायचा, बोटाने त्याचं टोक तपासायचं, कामाचा असेल तर पलीकडच्या बुटाला लावायचा. मागाचा धागा तुटला की जी बोटं क्षणात गाठ मारतात त्याच बोटांनी ते हे करत असतात. मी एकदा विचारलं, ‘किती खर्च येतो हो सगळा?’ त्यांनी हसून नुसती मान हलवली. तेलुगूत बायकोला काहीतरी म्हणाले, तीही हसली. अंडी, दूध, बूट, स्पर्धेचं भाडं, पुण्यात राहायचं जेवायचं. बायको विड्या वळते. दोघा नवराबायकोच्या कमाईला या खेळाने कुठे कुठे कात्री लावली असेल हे मला त्या हसण्यातूनच कळलं.

त्या रात्री मला 7 ऑगस्ट 2024 आठवला. पॅरिस ऑलिंपिकमधला तो दिवस विसरणं शक्य नाही. दुपारी जेवायच्या सुमारास विनेश फोगाटची बातमी आली. कुस्तीच्या 50 किलो गटात, आधीच्या दिवशी जपानच्या युई सुसाकीला हरवून अंतिम फेरीत पोचलेली मुलगी 100 ग्रॅम वजन जास्त भरलं म्हणून बाद. घरात कुणी नीट जेवलं नाही. रात्री वेटलिफ्टिंगमध्ये मीराबाई चानू चौथी आली. तिने एकूण 199 किलो उचललं आणि कांस्य गेलं 200 किलोला. एक किलो. मग मध्यरात्र उलटल्यावर, आपल्याकडे तारीख बदलून गेलेली असताना, अविनाश साबळेची 3000 मीटर स्टीपलचेसची अंतिम शर्यत. वीटभट्टीवर राबलेल्या आईबापाचा, बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याचा मुलगा. या शर्यतीच्या ऑलिंपिक अंतिम फेरीत पोचलेला पहिला भारतीय पुरुष. मी आणि धाकटा मुलगा दोघेच जागे होतो, टीव्हीचा आवाज कमी करून.

स्टीपलचेस नुसती बघतानाही दम लागतो. साडेसात फेऱ्या, त्यात 28 आडवे अडथळे आणि सात वेळा पाण्याची उडी. अडथळा जवळजवळ कमरेपर्यंत येणारा, घट्ट लाकडी. धडकलात तर तो पडत नाही, माणूस पडतो. त्याच शर्यतीत इथिओपियाचा लामेचा गिर्मा, या प्रकारात विश्वविक्रम करणारा माणूस, अडथळ्याला अडखळून पडला आणि त्याला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. साबळे 8 मिनिटं 14.18 सेकंदांत अकरावा आला. पहिला आलेल्या मोरोक्कोच्या एल बक्कालीच्या आणि त्याच्यात आठ सेकंद. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला गेले तर तिथे चर्चा चालली होतीच. ‘अकरावा? मग गेला कशाला एवढ्या लांब?’ असं एकजण म्हणाला. दुसरे हसले. मी पिशवी घेऊन निघून आले. वाद घालण्याइतकं त्राण नव्हतं, पण दिवसभर मनात उत्तर जुळवत राहिले. याच मुलाने दोन वर्षांपूर्वी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 8:11.20 अशी वेळ देऊन रौप्य आणलं होतं. सोनं हुकलं 0.05 सेकंदाने. जी शर्यत कित्येक स्पर्धा केनियाचे धावपटूच तिन्ही जागा घेऊन संपवत होते, तिच्यात हा मध्ये घुसला. तेव्हा दूध केंद्रावर कुणी काही बोललं होतं का, मला आठवत नाही. बहुधा कुणाला पत्ताही नसेल.

आपण अपेक्षा ठेवतो याचं मला वाईट वाटत नाही. मला स्वतःला पदक हवं असतं, अगदी पोटातून हवं असतं. त्याच ऑलिंपिकमध्ये 1 ऑगस्टला स्वप्निल कुसळेने 50 मीटर रायफलमध्ये कांस्य जिंकलं तेव्हा मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले. कांबळवाडीचं ते पोरगं, तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस. महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक 72 वर्षांनी मिळत होतं. तो आनंद मी कुणाला का नाकारू? चौकातला फ्लेक्सही त्याच आनंदाचा आहे. पण आपली अपेक्षा जन्माला येते ती स्पर्धेच्या आदल्या दिवशी, आणि हिशेब मात्र ती सगळ्या वर्षांचा मागते.

खाशाबा जाधवांची गोष्ट आपण सगळ्यांनीच शाळेत ऐकलेली असते, 1952, हेलसिंकी, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पण मला तिच्यातला एक भाग हल्ली जास्त भिडतो, आणि तो भाषणांत कधी येत नाही. 1948 मध्ये लंडनला खाशाबा सहावे आले होते. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च केला, इतक्या लांब पाठवलं, मॅटवरच्या कुस्तीची सवय नसलेला पैलवान सहावा येऊन परत आला. आणि चार वर्षांनी पुन्हा जायची वेळ आली, सरकारदरबारी पुरेसा पैसा मिळेना, तेव्हा लोकांनी पुन्हा पैसे काढले. गोळेश्वरच्या, कराडच्या लोकांनी वर्गणी दिली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले असं सांगतात. घर गहाण टाकलं ते सहाव्या आलेल्या पैलवानासाठी. कांस्य घेऊन खाशाबा परतले तेव्हा शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, तीही गोष्ट सगळे सांगतात. त्या मिरवणुकीत गाडी जुंपणाऱ्या कितीतरी जणांच्या खिशातला पैसा आधी गेलेला होता. त्यांना नाचायचा हक्क होता. पुढे त्याच खाशाबांचा संसार पोलीस खात्यातल्या नोकरीवर चालला, 1984 मध्ये अपघातात ते गेले आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, हेही त्याच गोष्टीत आहे. मिरवणूक संपली की माणूस विसरायचा ही सवयही आपली जुनीच.

आता काळ तसा नाही, हे मान्य करायला हवं. पॅरिसच्या तयारीवर केंद्र सरकारने सुमारे 470 कोटी रुपये खर्च केले. 2014 पासून ‘टॉप्स’ योजना आहे, तिच्या मुख्य गटात निवडलेल्या खेळाडूला महिना 50 हजार भत्ता मिळतो, परदेशी प्रशिक्षक, फिजिओ, मानसोपचारतज्ज्ञ सगळं मिळतं. पॅरिसला बॅडमिंटनमध्ये लक्ष्य सेन कांस्यपदकाची लढत हरला तेव्हा प्रकाश पदुकोण म्हणाले की एवढं सगळं मिळाल्यावर खेळाडूंनीही जबाबदारी घ्यायला हवी. त्यावर बरीच टीका झाली, मला मात्र त्यांचं म्हणणं सरसकट चुकीचं वाटलं नाही. 1980 मध्ये ऑल इंग्लंड जिंकलेला माणूस, ज्याच्या काळात यातलं काहीच नव्हतं, तो हे बोलू शकतो. ज्याने दिलं आणि ज्याने घेतलं, त्यांच्यात तो हिशेब व्हावा. मला अडतं ते दूध केंद्रावरच्या माणसापाशी. आणि त्याहून जास्त अडतं ते ‘टॉप्स’च्या यादीपर्यंत पोचायच्या आधीच्या लांबलचक रस्त्यावर, जिथे हातात कुठलीच यादी नसते, फक्त काचेचा डबा असतो.

अंजू बॉबी जॉर्जचंच बघा. 2003 मध्ये पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत 6.70 मीटर उडी मारून तिने कांस्य जिंकलं. जागतिक मैदानी स्पर्धेतलं भारताचं पहिलं पदक, सगळ्यांना माहीत. पुढच्याच वर्षी अथेन्स ऑलिंपिकमध्ये ती 6.83 मीटर उडाली. तेरा सेंटिमीटर जास्त. तो राष्ट्रीय विक्रम आजही तिच्याच नावावर आहे. आणि पदक? नाही. त्या दिवशी इतर बायका त्याहून लांब उडाल्या, एवढंच. आयुष्यातली सगळ्यात मोठी उडी तिने ‘हरलेल्या’ दिवशी मारली. मी हे आमच्या त्या मुलीला एकदा सांगितलं, तिला ते आधीच पाठ होतं. खड्ड्याच्या बाजूने तिने दोन दगड ठेवलेत, एक 6.70 वर, एक 6.83 वर. तिची स्वतःची उडी त्यांच्या बरीच अलीकडे पडते.

आणि ‘आपलं’ म्हणायला आपण किती उत्सुक असतो! क्रिकेटपटू पॉली उम्रीगरांचा जन्म सोलापूरचा म्हणतात. भारतासाठी कसोटीतलं पहिलं द्विशतक त्यांचं, हे सांगताना माझे वडील खुर्चीत ताठ बसत. माळशिरस तालुक्यातल्या मिरे गावची किरण नवगिरे आधी भाला फेकायची, गोळा फेकायची. क्रिकेटमध्ये नाव झालं ते थेट नागालँडकडून खेळताना. 2022 मध्ये एका टी-20 सामन्यात तिने नाबाद 162 केल्या, त्याच वर्षी ती भारताकडून खेळली, आणि मग इथे सगळ्यांना ती ‘आपली’ झाली. करमाळा तालुक्यातला सुयश जाधव, शाळकरी वयात विजेच्या अपघातात दोन्ही हात कोपरापासून गेलेला जलतरणपटू. रिओ आणि टोकियो पॅरालिंपिकला गेला, 2018 च्या आशियाई पॅरा स्पर्धेत सोनं आणलं, 2020 मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. त्याचं नाव मी माझ्या शिकवणीतल्या मुलांना विचारलं तर एकालाही माहीत नव्हतं. जानेवारी 2025 मध्ये, आमची गड्ड्याची जत्रा ऐन भरात असताना, दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला 78-40 असं हरवलं, मुलांनी 54-36. कर्णधार दोघेही महाराष्ट्राचे. ज्या गावात गल्लीगल्लीत खो-खो खेळून आम्ही गुडघे फोडून घेतले, तिथे त्या संध्याकाळी होम मैदानावर पाळण्यांपुढे रांगा होत्या आणि सामन्याचा विषय कुणाच्या तोंडी नव्हता. मी कुणाला बोल लावत नाही, जत्रा ती जत्रा. पण हुरहुर लागलीच.

आमच्या मुलीला पदक मिळालं नाही.

चौथी आली, थोडक्यात हुकलं, असंही नाही. पहिल्या तीन उड्यांपैकी दोन फाउल गेल्या. तिसरी तिने सांभाळून मारली, ती तिच्या रोजच्या सरावापेक्षाही आखूड पडली. पहिल्या आठ जणींनाच पुढच्या तीन उड्या मिळतात, त्यांत ती नव्हती. अंजूची गोष्ट सांगून धीर देता यावा असाही हा पराभव नव्हता. आठवड्याने मी त्यांच्या घरी गेले. खोलीत विड्यांच्या पानांचा ओलसर वास होता. आई सुपात पानं कापत बसली होती, मुलगी आत होती, बाहेर आली नाही. आई म्हणाली, ‘पाय मुरगळला होता का, सगळे तेच विचारायलेत. मुरगळला नव्हता. फळी सापडली नाही तिला.’

तिचे प्रशिक्षक मैदानावर भेटले तेव्हा त्यांनी फळी का सापडली नाही ते समजावून सांगितलं, आणि ते ऐकून मला सुन्न व्हायला झालं. लांब उडीत सगळा खेळ धावेच्या मोजणीचा. कुठून पळायचं, कितव्या पावलाला पाय उडी घ्यायच्या फळीवर पडायचा, हे वर्षानुवर्षं घोटलेलं असतं. ती घोटते ते मुरमावर. मुरमावर पाय किंचित सरकतो, वेग कमी पडतो. तिथे होता सिंथेटिक ट्रॅक. त्याच्यावर प्रत्येक पाऊल थोडं लांब पडतं, आणि सगळी पावलं मिळून पाय फळीच्या पुढे जातो. फाउल. खूण मागे घेतली तर अंदाज चुकतो, पाय फळीच्या अलीकडे पडतो, उडी आखूड. ‘पोरगी चुकली नाही,’ ते म्हणाले, ‘तिला तो ट्रॅक स्पर्धेच्या दिवशीच बघायला मिळतो.’ त्या दोन फाउलांत आमचं हे मैदानही होतं तर. ज्या मैदानावर आम्ही सगळे रोज गोल गोल फिरतो, आरोग्यासाठी.

फिरायला येणाऱ्या आम्हा मंडळींचा एक गट आहे. त्यांच्यापुढे मी हा विषय काढला. वाळूचा निघाला आधी, कारण ते सगळ्यांना डोळ्यांना दिसतं. एक ब्रास चांगली चाळलेली वाळू, खड्ड्यावर रात्री झाकायला ताडपत्री. पैसे पटकन जमले. मग एकांनी तिथे देणाऱ्यांच्या नावांचा बोर्ड लावायचा का विचारलं आणि बराच वेळ त्यावरच खल झाला. मी नको म्हणाले, ते रागावले, दोन दिवस बोलले नाहीत. अजूनही मिटलंय असं नाही. त्यांचंही अगदीच खोटं नाही, नाव लागलं तर पुढच्या वेळी चार माणसं जास्त देतात.

मुलीच्या वडिलांना वाळूचं सांगितलं तेव्हा त्यांनी हात जोडले, आणि मग जरा अडखळत म्हणाले, ‘ताई, वाळू चांगलंच आहे. पण जमलं तर महिन्यातनं एकदा तिला पुण्याला सिंथेटिकवर पळायला कुणीतरी घेऊन जाईल का? मला सुट्टी मिळत नाही. तिकिटाचे मी देतो.’ तिकिटाचे त्यांच्याकडून घ्यायचे नाहीत, एवढ्यावर मात्र आमचं लगेच एकमत झालं. बालेवाडीला सरावाची परवानगी मिळवायला तिच्या प्रशिक्षकांनी अर्ज केला होता, ती आली. पाळ्या लावल्या आहेत, पहिली माझी. रविवारच्या हुतात्मा एक्सप्रेसची दोन तिकिटं काढली आहेत. प्रशिक्षकांनी लांब टेप आणि एक वही बरोबर द्यायची ठरवलीय: सिंथेटिकवर तिची खूण नेमकी किती मागे जाते ते दर वेळी मोजून लिहून आणायचं, म्हणजे इथे मुरमावरही त्या हिशेबाने पावलं बसवता येतील. टेपचं एक टोक कुणी धरायचं हा प्रश्न होता, ते मी धरणार आहे.